हळू म्हणजे नेमकं किती हळू?

आमच्या गावी लग्नाच्या पंगतीला चुलवणावरून मांडवापर्यंत आमटीचं पातेलं आणायचं काम ठरलेल्या दोघांकडे असायचं. पातेलं काठोकाठ भरलेलं, वर तर्रीचा लाल थर. दोघं दोन बाजूंनी धरून निघाले की पहिली दोन-चार पावलं अगदी सावकाश पडायची, मग चाल वाढायची आणि मांडवाच्या दाराशी पुन्हा सावकाश. मधल्या सरळ वाटेवर ते जवळजवळ पळत येत, तरी थेंब सांडत नसे. आमटी सांडायची ती निघताना, थांबताना आणि वळताना.

अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टिंग (अतिथंडीत विजेला विरोध न करणाऱ्या), सर्किटांवर बांधलेल्या क्वांटम संगणकात रोज हाच प्रश्न सोडवावा लागतो. तिथे आमटीच्या जागी असते एक क्वांटम अवस्था, आणि सांडणं म्हणजे त्या अवस्थेनं आपली ऊर्जापातळी सोडून शेजारच्या पातळीवर उडी मारणं. ही उडी होऊ न देता अवस्थेला हळुवार हवं तिथे नेण्याच्या पद्धतीला अ‍ॅडियाबॅटिक नियंत्रण म्हणतात. तिचं सार बहुतेक जण एका शब्दात सांगतात: हळू. मला मात्र या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो तो या शब्दामागचा हिशेब. कोणता वेग हळू आणि कोणता जलद, हे इथे दोन पातळ्यांमधलं अंतर ठरवतं.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्यांना अ‍ॅडियाबॅटिक म्हटलं की सायकलचा पंप आठवतो. हवा झटकन दाबली की पंप गरम होतो, कारण उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही. म्हणजे तिथे अ‍ॅडियाबॅटिक प्रक्रिया वेगानं करायची, आणि क्वांटममध्ये सावकाश! हा विरोधाभास मलाही बरेच दिवस छळत होता. त्याची उकल अशी: उष्णता आत-बाहेर होणं म्हणजे सूक्ष्म पातळीवर कणांची निरनिराळ्या ऊर्जापातळ्यांमधली वाटणी बदलणं. पंपात ती वाटणी बाहेरच्या जगाशी होणाऱ्या देवाणघेवाणीनं बदलेल अशी भीती असते, म्हणून घाई. एकट्या, अलग ठेवलेल्या क्वांटम प्रणालीत ती आपण स्वतःच दिलेल्या धक्क्यानं बदलते, म्हणून सावकाशी. दोन्हीकडे पथ्य एकच आहे. पातळी वर उचला, खाली आणा, सरकवा, पण तिच्यावर जो बसला आहे त्याला उठवू नका.

या कल्पनेचं मूळ क्वांटम सिद्धान्ताच्या अगदी बालपणात आहे. १९११ साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ लोरेंत्झ यांनी आइन्स्टाइन यांच्यापुढे लंबकाचा एक प्रश्न ठेवला. आपण तो गवंड्याच्या ओळंब्यावर करून पाहू. ओळंबा थोडा झुलता ठेवा आणि वरून दोरी अगदी सावकाश ओढत आखूड करा. झोके जलद होतात, म्हणजे वारंवारता वाढते. दोरी ओढताना आपण काम करतो, म्हणून झोक्याची ऊर्जाही वाढते. आइन्स्टाइन यांचं उत्तर असं होतं की ऊर्जा आणि वारंवारता यांचं गुणोत्तर मात्र कायम राहतं. क्वांटमच्या भाषेत हे गुणोत्तर म्हणजेच झोका कितव्या पातळीवर आहे त्याचा आकडा. दोरी आखूड होताना पातळ्या एकमेकींपासून दूर जातात, पण झोका आपली पायरी सोडत नाही. दोरीला हिसका द्या, की हा नियम मोडला. पुढे १९२८ मध्ये माक्स बोर्न आणि व्लादिमिर फॉक यांनी नव्या क्वांटम यांत्रिकीत हेच प्रमेय म्हणून सिद्ध केलं.

आता सर्किटाकडे येऊ. आज सर्वाधिक वापरात असलेल्या अतिसंवाहक क्यूबिटचं, म्हणजे क्वांटम संगणकातल्या बिटाचं, नाव ट्रान्समॉन. येल विद्यापीठात २००७ मध्ये त्याची कल्पना मांडली गेली. चिपवर अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचे दोन पट्टे, म्हणजे एक कपॅसिटर, आणि त्यांना जोडणारा एक जोसेफसन सांधा: अ‍ॅल्युमिनियमचे दोन थर आणि मध्ये त्याच्याच ऑक्साइडचा एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या विरोधाशिवाय आरपार जातील, हे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असताना, वयाच्या २२व्या वर्षी सांगितलं. असं अख्खं सर्किट, ज्यात अब्जावधी इलेक्ट्रॉन आहेत, एका अणूसारखं ठरावीक ऊर्जापातळ्यांवर वागतं, हे बर्कलीत १९८४-८५च्या प्रयोगांनी दाखवलं. त्याबद्दल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५चं नोबेल मिळालं.

सांध्याचं महत्त्व असं की त्याच्यामुळे पातळ्यांची शिडी असमान होते. साध्या झोक्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे ० वरून १ वर नेणारी मायक्रोवेव्ह लहर १ वरून २ वरही नेते आणि सगळा घोळ होतो. ट्रान्समॉनमध्ये ० ते १ हे अंतर समजा ५ गिगाहर्ट्झचं असलं (ऊर्जेची ही अंतरं वारंवारतेतच मोजतात), तर १ ते २ हे ४.७चं भरतं. म्हणून तळाच्या दोन पायऱ्या वेगळ्या काढून त्यांना ० आणि १ म्हणता येतं. तिसरी पायरी वर तशीच असते, आणि ती पुढे आपल्याला दोनदा भेटणार आहे.

हे सगळं १० ते २० मिलिकेल्विन तापमानात चालतं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा पन्नासावा-शंभरावा भाग. ५ गिगाहर्ट्झचं अंतर तापमानाच्या भाषेत जेमतेम पाव केल्विन भरतं. चिप एवढी थंड नसेल तर नुसत्या उष्णतेनंच क्यूबिट वर-खाली नाचेल. अशी यंत्रणा पाहायला फार लांब जावं लागत नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, असे क्यूबिट तयार होतात. पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची युवा वैज्ञानिक प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून उभारलेल्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पडल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. चिप कुलाब्याची, नियंत्रणाची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेनं जुळवलेली. मराठी मुलांनी क्वांटम संगणक हा फक्त परदेशातला विषय समजू नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

क्यूबिटला ० वरून १ वर न्यायचा रोजचा मार्ग सरळ आहे. बरोबर ५ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह लहर साधारण २० नॅनोसेकंद सोडायची. झोपाळ्याला त्याच्याच तालात ढकलावं तसं क्यूबिट वर चढतं. पण इथे माप काटेकोर लागतं. लहर जास्त वेळ राहिली तर क्यूबिट पुन्हा खाली उतरू लागतं, कमी राहिली तर अर्ध्यावर लटकतं. लहरीचा जोर ५ टक्क्यांनी चुकला तर अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त चूक होते, १० टक्क्यांनी चुकला तर जवळजवळ अडीच टक्के. हजारो क्रिया एकामागून एक करायच्या असल्या तर ही रक्कम मोठी आहे.

अ‍ॅडियाबॅटिक वाट वेगळी आहे. क्यूबिटला ढकलायचं नाही. तो ज्या पातळीवर बसला आहे ती पातळीच बदलत न्यायची. अशी कल्पना करा की दोन पातळ्या आहेत, एक वर चढते आहे आणि दुसरी खाली उतरते आहे. कागदावर त्यांच्या रेषा फुलीसारख्या एकमेकींना छेदायला हव्यात. पण दोन अवस्थांमध्ये थोडंसं जरी नातं असलं, आपापसात थोडी जरी देवाणघेवाण असली, तर रेषा छेदत नाहीत. जवळ येतात, वळतात आणि दूर जातात. मी याला हुकलेली भेट म्हणतो. त्या वळणावर खालच्या रेषेचं रूप पालटतं. डावीकडून येताना ती अवस्था ० असते, उजवीकडे जाताना १. क्यूबिट खालच्या रेषेवर शांतपणे बसून राहिला, तर काहीही न करता तो ०चा १ होतो. लहरीचा जोर जरा कमी-जास्त झाला तर वळणाचा आकार थोडा बदलेल, पण वाट तिथेच पोचते. सगळा भरवसा इथून येतो.

अट एकच: वळणावर उडी मारायची नाही. त्या उडीची शक्यता किती, याचं सूत्र १९३२ मध्ये लँडाउ आणि झेनर यांनी स्वतंत्रपणे दिलं. त्याच वर्षी श्ट्युकेलबर्ग आणि मायोराना हेही आपापल्या वाटेनं तिथेच पोचले होते. सूत्रात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: रेषांमधलं किमान अंतर आणि त्यांना सरकवण्याचा वेग. आकडे घालून पाहू. समजा अंतर ४० मेगाहर्ट्झ आहे आणि आपल्याला १ गिगाहर्ट्झचा पल्ला एकसारख्या वेगानं पार करायचा आहे. १० नॅनोसेकंदांत उरकलं तर ८५ टक्के वेळा क्यूबिट उडी मारतो, जणू वळण दिसलंच नाही. १०० नॅनोसेकंद दिले तर सुमारे २१ टक्के. २०० दिले तर ४ टक्के. ४०० दिले तर जेमतेम ०.२ टक्के. वेळ दुप्पट केला की चूक अर्धी होत नाही, ती स्वतःच्या वर्गाइतकी लहान होते: एकपंचमांश होती ती पंचविसाव्या भागावर येते, आणि तिथून सुमारे सहाशेव्या भागावर. आता दुसरं टोक पाहा. वेळ १०० नॅनोसेकंदच ठेवला, पण अंतर ४० ऐवजी ८० मेगाहर्ट्झ केलं, तर चूक थेट ०.२ टक्क्यांवर येते. अंतर दुप्पट म्हणजे वेळ चौपट वाचला.

तर मग रोज हजार नॅनोसेकंद का देऊ नयेत? कारण क्यूबिटला आयुष्य असतं. १९९९ मध्ये जपानमध्ये एनईसीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी पहिल्यांदा असा क्यूबिट हवा तसा हलवून दाखवला, तेव्हा तो काही नॅनोसेकंदच टिकत होता. आज चांगला ट्रान्समॉन १०० मायक्रोसेकंद आणि त्याहूनही जास्त टिकतो. पण १०० मायक्रोसेकंद आयुष्य धरलं तरी ४०० नॅनोसेकंदांच्या प्रवासात त्याचा ०.४ टक्के भाग खर्च होतो. म्हणजे उडीची चूक ०.२ टक्क्यांवर आणायला आपण म्हातारपणाची ०.४ टक्के चूक विकत घेतली. ८०० नॅनोसेकंद दिले तर उडी जवळजवळ नाहीशी होते, पण खर्च ०.८ टक्क्यांवर जातो. इतका सावकाश प्रवास सरळसरळ तोट्याचा. पातेलं अजिबात न हिंदकळता आणलं, पण पंगतीत पोचेपर्यंत आमटी गार झाली.

इथे पुन्हा ती दोन माणसं आठवतात. ती सगळ्या वाटेवर सावकाश चालत नव्हती. क्यूबिटच्या बाबतीत धोका फक्त हुकलेल्या भेटीच्या आसपास असतो. लांब असताना रेषा दूरदूर असतात, तिथे धाव घ्यावी. वळण जवळ आलं की वेग उतरवावा, आणि उतरवतानाही कुठे खटका बसू देऊ नये. वेगात एकदम झालेला बदल म्हणजे सगळ्या वारंवारतांचा एकत्र धक्का, आणि त्यात नेमकी उडीला हवी तीही वारंवारता असते.

याचा उत्तम उपयोग दोन क्यूबिटांना जोडणाऱ्या क्रियेत झाला. क्वांटम संगणकाला एक अशी क्रिया लागते, जिच्यात दोन्ही क्यूबिट १ असतील तरच काहीतरी घडतं. येलमध्ये २००९ साली ती अशी केली गेली: एका क्यूबिटची वारंवारता चुंबकीय प्रवाहानं सरकवत नेली, इतकी की '११' ही जोडी '०२' या जोडीजवळ आली. म्हणजे एक क्यूबिट ० वर आणि दुसरा २ वर; ही ती तिसरी पायरी. भेट हुकली, '११'ची पातळी जराशी बाजूला ढकलली गेली आणि तिथे असेपर्यंत तिचं आतलं घड्याळ थोड्या वेगळ्या गतीनं चाललं. मग सगळं सावकाश परत आणलं. '००', '०१', '१०' यांना या भेटीशी काही देणंघेणं नव्हतं. फक्त '११'च्या घड्याळात बरोबर अर्ध्या फेरीचा फरक पडला, तिचं चिन्ह उलटलं. क्यूबिट निघाले तिथेच परत आले, कोणतीही पातळी रिकामी झाली नाही की नव्यानं भरली नाही, आणि तरीही दोघांमध्ये एक क्रिया घडून गेली! मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

पुढे २०१४ मध्ये मार्टिनिस आणि गेलर यांनी सरकवण्याचा आकार नेमका कसा असावा याचं गणित मांडलं. वारंवारता किती सरकते याऐवजी अवस्थेचा कोन किती वळतो ते पाहा आणि तो कोन मऊपणे बदला, असा त्याचा गाभा. मग क्रिया ४० नॅनोसेकंदांच्या आसपास उरकते. त्याच वर्षी सांता बार्बरा इथल्या त्यांच्या गटानं दोन क्यूबिटांची क्रिया ९९.४ टक्के अचूकतेपर्यंत नेली. ४० नॅनोसेकंद म्हणजे प्रकाश जेमतेम १२ मीटर जातो तेवढा वेळ. त्याला 'सावकाश' म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्या अंतराच्या मानानं तो सावकाशच आहे.

तिसऱ्या पायरीची दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. समजा क्यूबिटला ० वरून २ वर न्यायचं आहे, आणि मधल्या १ वर पाऊलसुद्धा टेकू द्यायचं नाही. लेझर आणि रेणूंवर काम करणाऱ्या बेर्गमान यांच्या जर्मनीतल्या गटानं १९९० मध्ये यासाठी स्टिरॅप नावाची पद्धत दिली. तिच्यात दोन लहरी लागतात, एक ०-१ जोडणारी, दुसरी १-२ जोडणारी. कोणीही म्हणेल की आधी पहिली सोडा, मग दुसरी. पद्धत नेमकी उलटी आहे. जिथे अजून कोणीच नाही, त्या १-२ची लहर आधी सुरू करायची. ती मंदावू लागताना ०-१ची लहर चढवायची.

यामागचं कारण तराजूनं कळतं. एकाच वेळी थोडी ० आणि थोडी २ असलेली एक मिश्र अवस्था घ्या. ०चा वाटा पहिल्या लहरीमुळे १ वर चढू पाहतो, २चा वाटा दुसऱ्या लहरीमुळे १ वर उतरू पाहतो. दोन्ही तरंग उलट्या दिशेनं समसमान असतील तर एकमेकांना मिटवतात आणि १ कोरडाच राहतो. समसमान होण्यासाठी वाटा गुणिले लहरीचा जोर दोन्ही पारड्यांत सारखा हवा. ज्या बाजूची लहर जोरकस, तिथे कमी वाटा पुरतो. सुरुवातीला फक्त १-२ची लहर चालू आहे, म्हणजे २चा वाटा शून्य आणि सगळं ० वर. आपण तिथेच तर होतो! मग जोर सावकाश पहिल्या लहरीकडे सरकवला की तराजू सांभाळण्यासाठी वाटा आपोआप २ कडे सरकतो. शेवटी सगळं २ वर, आणि १ पूर्ण प्रवासात रिकामा.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कुमार, पारावानू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे ट्रान्समॉनवर करून दाखवलं. माझं मत विचाराल तर ट्रान्समॉनमध्ये मधली पायरी टाळण्यापेक्षा मोठा फायदा सैलपणाचा आहे. लहरींची उंची, त्यांच्यातलं अंतर थोडं चुकलं तरी चालतं. अर्थात वेळेचा खर्च इथेही आहेच.

तो खर्च कमी करायला एक युक्ती आहे, आणि तीही पंगतीतच दिसते. तीच आमटी पातेल्यातून बादलीत काढली की वाढपी ती कडीला धरून दोन रांगांमधून झपझप जातो. बादली कडीवर लोंबकळते, त्यामुळे तो वेग घेतो तेव्हा ती आपोआप तिरकी होते. आमटी बादलीच्या काठाला समांतरच राहते आणि सांडत नाही. घाईमुळे जो धक्का बसणार, त्याला तेवढाच उलटा उतार देऊन ठेवला. क्वांटममध्ये या उताराचं गणित डेमिरप्लाक आणि राइस यांनी २००३ मध्ये आणि मायकेल बेरी यांनी २००९ मध्ये मांडलं. वाट बदलण्याच्या वेगानुसार आणखी एक नियंत्रण जोडायचं, जे उडीचा हिशेब जागच्या जागी मिटवतं. स्टिरॅपमध्ये त्यासाठी ०-२ अशी थेट लहर लागते. ट्रान्समॉनमध्ये ती वाट जवळजवळ बंद असते, म्हणून आल्टोच्या गटानं २०१९ मध्ये निम्म्या वारंवारतेची लहर घेऊन दोन फोटॉनांच्या जोडीनं ती उघडली. प्रवास जलद झाला. बदल्यात या तिसऱ्या लहरीची कला (फेज) आणि जोर बरोबर राखावे लागतात, म्हणजे सैलपणाचा थोडा भाग परत द्यावा लागतो. बादलीचं काम कडी फुकटात करते. क्यूबिटला अशी कडी नाही.

शेवटची गोष्ट त्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची आणि पृष्ठभागांची. तिथे अणुपातळीवरचे दोष असतात, आणि काही दोष स्वतःच दोन पातळ्यांच्या इवल्या क्यूबिटांसारखे वागतात. आपण क्यूबिटची वारंवारता सरकवत नेतो तेव्हा वाटेत त्यांच्याशीही हुकलेल्या भेटी होतात. तिथे जर क्यूबिट रेषेवर शांत बसून राहिला, तर त्याची ऊर्जा दोषाला देऊन मोकळा होईल. म्हणजे इथे आपल्याला उडीच हवी असते! समजा दोषापाशी अंतर १ मेगाहर्ट्झ आहे. मघाचाच वेग घ्या, १०० नॅनोसेकंदांत १ गिगाहर्ट्झ. सूत्र सांगतं की क्यूबिट ९९.९ टक्के वेळा दोषावरून सरळ उडी मारून पुढे जातो. त्याच वेगानं तो ८० मेगाहर्ट्झच्या वळणावर आला, तर ९९.८ टक्के वेळा रेषा न सोडता वळतो. वेग तोच, सूत्रही तेच. प्रयोगशाळेत बसलेली मुलं वारंवारतेच्या पट्टीवर आधी या दोषांच्या जागा शोधून खुणा करतात, आणि मग ठरवतात की कुठे धावायचं आणि कुठे पाऊल आवरायचं.